साबणावाचून सख्य

"तेल आणि पाणी ह्यांचे सख्य साबणावाचून होत नाही," हे वाक्य आम्ही आमच्या महाविद्यालयात पंचवीसाहून अधिक वर्षे सांगत आलो. वाक्य सुटसुटीत आहे. विद्यार्थ्यांच्या वहीत ते नीट बसते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतून ते जसेच्या तसे परत येते. आणि परत आलेल्या वाक्यास गुण देण्यास परीक्षकास फारसे श्रम पडत नाहीत. इतक्या गुणांनी मंडित असलेले वाक्य अपुरे असेल, अशी शंका घेण्याचे आम्हांस कधी कारण पडले नाही. ती शंका तीन वर्षांपूर्वी एका बाटलीने आमच्या मनात उत्पन्न केली, आणि त्या बाटलीच्या मागोवा घेत आम्ही जो थोडासा इतिहास वाचला, तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहो. ह्या इतिहासाचे दोन-तीन धागे आमच्या पुण्यातूनच गेलेले आहेत, ही गोष्ट आम्हांसही तोपर्यंत ठाऊक नव्हती.

बाटलीची हकीकत अशी. दिवाळीची सुट्टी संपल्यावर नारायणगावाकडच्या एका द्राक्षबागाइतदाराचा मुलगा आमच्या खोलीत आला. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात असलेला हा मुलगा वर्गात फारसा बोलत नसे. ऑक्टोबरची छाटणी उरकून बागेवर मोरचूद व चुना ह्यांची फवारणी झाली होती. फवारणीनंतर उरलेले निळे पाणी एका डब्यात राहिले, आणि पंपाचे भाग धुतलेले डिझेल कोणी तरी त्याच डब्यात ओतले. डबा ट्रॅक्टरवर लादून शेतातल्या खाचखळग्यांतून घरी आणला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो डिझेल पाण्यावर वेगळे तरंगत नाही. दोहोंची मिळून निळसर दाट साय झालेली! मुलाने ती बाटलीत भरून पुण्यास आणली आणि आमच्या मेजावर ठेवून तो अत्यंत विनयाने म्हणाला, "सर, तुमच्या वाक्याप्रमाणे ह्यात साबण पाहिजे. पण साबण नाही."

आम्ही मुरलेल्या शिक्षकास शोभेल असे उत्तर दिले. डबा साबणाने धुतला असेल. फवारणीच्या पाण्यात पानांस चिकटण्यासाठी काही औषध घातले असेल. तेच साबणाचे काम करीत असेल. मुलाने दोन्ही गोष्टी नाकारल्या. तेव्हा त्याचा भ्रम फिटावा म्हणून आम्ही त्यास प्रयोगशाळेतील शुद्ध द्रव्ये दिली: मोरचूद, चुन्याची ताजी निवळी, स्वच्छ पॅराफिन तेल आणि ऊर्ध्वपातित पाणी. मोरचुदाच्या पाण्यात चुन्याची निवळी पडताच फिकट निळा साका तयार झाला. त्यात तेल घालून त्याने बाटली पाच मिनिटे हलविली. तेलाचे बारीक थेंब झाले आणि ते थेंबच राहिले. एक तास गेला, एक दिवस गेला, आठवडा गेला. साय वर आली, खाली थोडे पाणी सुटले. पण तेल काही वेगळे झाले नाही. भ्रम फिटला खरा. मात्र तो विद्यार्थ्याचा नव्हे.

पुढे जाण्यापूर्वी शास्त्रीय परिभाषेतील एका शब्दाचा परिचय करून देणे अवश्य आहे. एकमेकांत न विरघळणाऱ्या दोन द्रवांपैकी एक दुसऱ्यात सूक्ष्म थेंबांच्या रूपाने पसरून राहिला, म्हणजे त्या मिश्रणास पायस म्हणतात. शब्द चपखल आहे, कारण पयस् म्हणजे दूध, आणि दूध हेच पायसाचे आद्य उदाहरण होय: पाण्यात स्निग्धांशाचे थेंब. आता तेल व पाणी ह्यांचे पायस नुसते घुसळून होते, पण टिकत नाही. थेंब थेंबास भेटला की दोहोंचा एक होतो, कारण तसे झाल्याने तेल व पाणी ह्यांमधील सीमेचे क्षेत्रफळ घटते, आणि ही सीमा जितकी लहान तितकी निसर्गास ती स्वस्त पडते. साबणाचा रेणू हा दुतोंडी असतो. त्याचे एक टोक पाण्यास मिळते, दुसरे तेलास. असे असंख्य रेणू सीमेवर दाटीने उभे राहिले म्हणजे सीमा राखण्याचा खर्च कमी होतो आणि थेंब एकमेकांत मिसळण्यास अडथळा होतो. ह्या जातीच्या द्रव्यांस पृष्ठक्रियाशील पदार्थ म्हणतात. अंड्याच्या बलकातील लेसिथिन, कपडे धुण्याच्या चूर्णातील द्रव्ये, ही सर्व त्याच कुळातली. आमचे वाक्य ह्याच कुळावर विसंबून होते.

परंतु मोरचूद व चुना ह्यांचा साका दुतोंडी नाही, रेणूरूपही नाही. तो सरळ सरळ घन पदार्थाचा चुरा आहे. तो थेंबास कसा राखतो? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा आम्हांस एक जुना निबंध भेटला. लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात १९०७ साली तो प्रसिद्ध झाला. मथळा एकाच शब्दाचा, 'पायसे'. आणि लेखक स्पेन्सर अम्फ्रेव्हिल पिकरिंग. निबंध लिहिला गेला त्याला शंभराहून अधिक वर्षे होऊन गेली होती, आणि आमच्या विद्यार्थ्याच्या बाटलीतील निळा साका त्यात जसाच्या तसा वर्णिलेला होता.

पिकरिंग हे गृहस्थ मोठे विलक्षण. त्यांचा जन्म १८५८ सालचा, घराणे सुस्थितीतले. प्रसिद्ध चित्रकर्त्री एव्हलिन डी मॉर्गन ही त्यांची सख्खी बहीण. ऑक्सफर्डला शिक्षण घेऊन ते रसायनशास्त्राकडे वळले आणि १८९० साली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्या काळी विद्राव म्हणजे काय, ह्यावर युरोपात रण माजले होते. मीठ पाण्यात पडले की त्याचे विद्युद्भारित आयन सुटे होतात, असे स्वीडनचे अऱ्हेनियस म्हणत. तर विरघळणे म्हणजे पाण्याशी संयोग पावणे होय, असे पिकरिंग आग्रहाने प्रतिपादीत. काळाने कौल अऱ्हेनियसांच्या बाजूने दिला. पराभूत पक्षाच्या सेनापतीने पुढे काय करावे? पिकरिंग बागेत गेले. बेडफर्डच्या ड्यूकसाहेबांच्या साहाय्याने १८९४ साली वोबर्न येथे फळबागांचा एक प्रयोगमळा उभा राहिला आणि पिकरिंग त्याचे चालक झाले. झाडे कशी लावावी, मुळे कशी छाटावी, गवताचा झाडावर काय परिणाम होतो, असल्या प्रश्नांवर त्यांनी पुढची पंचवीस वर्षे घालविली.

फळझाडावर कीड पडली म्हणजे त्या काळी पॅराफिन तेल शिंपडीत. नुसते तेल पाने जाळते, म्हणून ते पाण्यात साबणाच्या साहाय्याने पायस करून मारावे, असा प्रघात होता. ह्या प्रघातात दोन अडचणी होत्या. पाणी जड असेल, म्हणजे त्यात चुन्याचे क्षार असतील, तर साबण फाटून त्याचा चिकट दही होतो; आमच्या पुण्यात विहिरीच्या पाण्याने कपडे धुतलेल्या कोणासही हे निराळे सांगणे नको. दुसरी अडचण त्याहून मोठी होती. बुरशीच्या रोगांवर मोरचूद व चुना ह्यांचे मिश्रण हा नवा रामबाण उपाय हाती आलेला होता. फ्रान्समधील बोर्दो प्रांतात रस्त्यालगतच्या द्राक्षवेली वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून त्यांवर मोरचूद-चुन्याचा निळा सडा घालीत. त्या वेली केवडा रोगापासून वाचल्या, हे अध्यापक मिलार्दे ह्यांनी हेरले आणि १८८५ साली त्याचे शास्त्र प्रसिद्ध केले. नारायणगावच्या बागाइतदारांचे आजचे बोर्डो मिश्रण ते हेच. आता कीड व बुरशी ह्या दोहोंवर एकाच फवारणीने मात करावयाची, तर तेल, साबण आणि मोरचूद एकत्र आली पाहिजेत. परंतु मोरचूद व साबण ह्यांची गाठ पडली की तांब्याचा न विरघळणारा साबण बनतो आणि सारा बेत फसतो.

पिकरिंगांनी साबणच काढून टाकला. मोरचुदाच्या पाण्यात चुन्याची निवळी घालून जो ताजा साका पडतो, त्यात तेल घुसळले असता साबणाशिवायच टिकाऊ पायस होते, असे त्यांस आढळले. मग ते थांबले नाहीत. लोखंडाच्या क्षारांचा साका घेऊन पाहिला, इतर धातूंचे घेऊन पाहिले. कोणता साका तेल धरतो व कोणता सोडून देतो, ह्याची तपासणी केली. निष्कर्ष असा निघाला की, कण पाण्यात न विरघळणारे पाहिजेत, अत्यंत बारीक पाहिजेत, आणि तेलापेक्षा पाण्याने अधिक सुलभतेने भिजणारे पाहिजेत. असे कण तेलाच्या प्रत्येक थेंबाभोवती जमून त्याचे कवच बनतात, आणि कवचधारी थेंब एकमेकांस भिडले तरी त्यांतील तेल तेलास भेटत नाही. वोबर्नच्या नावाने जे हिवाळी औषध इंग्लंडातील बागांत प्रसिद्ध झाले, त्यात लोखंडाचा क्षार, चुना, कॉस्टिक सोडा व पॅराफिन ही द्रव्ये असत, साबण नसे.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही नमूद केले पाहिजे की, घन कण द्रवांच्या सीमेवर जमतात आणि थेंबांस किंवा बुडबुड्यांस राखतात, हे निरीक्षण वॉल्टर रॅम्सडेन ह्यांनी रॉयल सोसायटीपुढे १९०३ सालीच मांडले होते. तथापि नाव लागले ते पिकरिंगांचे. आज सर्व जगात अशा मिश्रणास पिकरिंग पायस म्हणतात. काही न्यायी लेखक तेवढे रॅम्सडेनांचे नाव जोडतात.

आता पुण्याकडे येऊ. पिकरिंगांचा निबंध ज्या १९०७ साली छापला गेला, त्याच साली पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून हॅरल्ड मॅन हे रसायनशास्त्रज्ञ येथे आले. तत्पूर्वी सात वर्षे ते आसामकडे चहाच्या मळ्यांचे शास्त्रीय अधिकारी होते. मॅनसाहेबांचे नाव अर्थशास्त्राचे विद्यार्थी अजून घेतात, ते 'दख्खनच्या एका खेड्यातील जमीन व श्रम' ह्या १९१७ सालच्या ग्रंथामुळे. ज्या पिंपळे सौदागर गावाच्या घरोघर जाऊन त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेताचे तुकडे, कर्जे व मिळकती मोजल्या, ते गाव आज पिंपरी-चिंचवड शहराच्या उंच इमारतींत शोधावे लागते. मॅन पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक झाले आणि १९२७ साली निवृत्त होऊन परत गेले. गेले कोठे? १९२८ पासून सुमारे अठ्ठावीस वर्षे त्यांनी काम केले ते वोबर्न येथेच! पिकरिंगांचा फळमळा व मॅन जेथे राहिले ते शेतीप्रयोगकेंद्र ह्या संस्था निरनिराळ्या होत्या, आणि पिकरिंग १९२० सालीच वारले होते, म्हणून ह्या योगायोगास आम्ही योगायोगापलीकडे किंमत देत नाही. पण पुण्यातील शेती आणि वोबर्नची माती ह्यांच्यामध्ये एवढा सरळ रस्ता असताना त्या रस्त्याने पिकरिंगांचा साका आमच्या रसायनशास्त्राच्या वर्गात कधी पोहोचला नाही, ह्याचे आम्हांस नवल वाटते.

न पोहोचण्याचे कारण दुसऱ्या एका पुणेकर पाहुण्याच्या चरित्रात सापडते. पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते ३ जानेवारी १९५० रोजी झाले. त्याच महिन्यात भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन महालनोबिसांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात भरले होते. प्रयोगशाळेचे पहिले संचालक जेम्स विल्यम मॅकबेन. हे कॅनडात जन्मलेले, जर्मनीत शिकलेले, ब्रिस्टल व पुढे स्टॅनफर्ड येथे अध्यापक असलेले विद्वान वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पुण्यातली नवी प्रयोगशाळा चालवीत होते; १९५२ पर्यंत ते त्या पदावर राहिले आणि १९५३ साली वारले. त्यांच्या आयुष्याचे मुख्य कार्य एका शब्दात सांगावयाचे तर तो शब्द साबण होय. साबणाचे पाणी वीज अपेक्षेपेक्षा अधिक वाहते, आणि त्यातील कणांची संख्या मात्र अपेक्षेपेक्षा कमी भरते, ह्या विरोधाचा उलगडा त्यांनी १९१३ साली केला. साबणाचे रेणू एकेकटे न राहता टोळ्या करून विद्युद्भारित गोळे बनवितात, असे त्यांनी मांडले. ह्या गोळ्यांस मायसेल म्हणतात. प्रथम ही कल्पना थोरामोठ्यांनी हसण्यावारी नेली, अशी आख्यायिका आहे; आज ती प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे.

आणखी एक गोष्ट. ज्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ही प्रयोगशाळा उभारली, तिचे प्रमुख शांतिस्वरूप भटनागर ह्यांनी लंडनची डी. एस्सी. पदवी मिळविली ती १९२१ साली, डोनन ह्या विख्यात रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली. आणि विषय मेदाम्लांचे क्षार, तेलांचा पृष्ठताण व पायसे ह्यांच्याशीच निगडित होता. म्हणजे पायसाच्या अभ्यासकाने उभारलेल्या मंदिरात साबणाचा महर्षी पहिला पुजारी झाला! अशा मंदिराच्या छायेत ज्यांचे शिक्षण झाले, त्यांनी साबणाची आरती म्हटली तर त्यात नवल ते कसले? आमचे गुरुजी ह्याच परंपरेतले, आणि आम्ही त्यांचे शिष्य.

हे विनोदाने लिहिले, तरी त्यात एक गंभीर मुद्दा आहे. पिकरिंगांचे म्हणणे कोणी खोडून काढले नव्हते. फिंकल, ड्रेपर व हिल्डेब्रांड ह्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२३ साली त्यात मोलाची भरही घातली: कणास जो द्रव अधिक भिजवितो तो बाहेर राहतो, आणि दुसऱ्याचे थेंब होतात. मोरचुदाचा साका पाण्याने भिजतो, म्हणून पाण्यात तेलाचे थेंब. काजळी तेलाने भिजते, म्हणून तेलात पाण्याचे थेंब. ह्या दुसऱ्या प्रकाराचा दाखला श्लेप्फर ह्यांनी १९१८ सालीच दिला होता. सिद्धान्त होता, प्रयोग होता, नियम होता. तरीही सुमारे ऐंशी वर्षे हा विषय अडगळीत पडला. ह्याचे कारण साबणाचे शास्त्र खोटे होते असे नव्हे. ते इतके खरे, इतके सुंदर व इतके किफायतशीर होते की, त्याच्यापुढे दुसऱ्या कशाची गरजच भासली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर खनिज तेलापासून बनविलेली धुलाईची द्रव्ये मणामणाने स्वस्त मिळू लागली, आणि साका गाळून फेकून द्यावयाचा पदार्थ ठरला. असत्याने सत्य झाकले जाते हे आपण सर्व जाणतो. एक सत्य दुसऱ्या सत्यास झाकून टाकते, हे मात्र आमच्या ध्यानात लवकर येत नाही.

कणाचे सामर्थ्य कोठून येते, हे थोडक्यात सांगतो. तेल व पाणी ह्यांच्या सीमेवर एखादा गोल कण अर्धा इकडे अर्धा तिकडे बसला, म्हणजे त्याने व्यापलेल्या जागेपुरती सीमा नाहीशी होते. कण तेथून उपटावयाचा, तर तेवढी सीमा पुन्हा उघडी पडते आणि तिची किंमत मोजावी लागते. ही किंमत कणाच्या त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. द्रवातील रेणूंच्या सततच्या धडपडीत जी उष्णतेची ऊर्जा असते, तिच्याशी तुलना केली असता, साबणाचा लहानसा रेणू सीमेवरून हलविण्यास तिच्या थोड्याच पटींनी ऊर्जा लागते. म्हणून साबणाचे रेणू सीमेवर क्षणात येतात व क्षणात जातात. परंतु १० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा एक लक्षांश, त्रिज्येच्या कणास हलविण्यास तीच ऊर्जा काही हजार पट लागते, आणि एक मायक्रोमीटर त्रिज्येच्या कणास कोट्यवधी पट. असा कण एकदा बसला की बसला. साबण हा सीमेवरचा फिरता पहारेकरी. कण हा तेथे घर बांधून राहिलेला रहिवासी.

मात्र घर बांधण्यास एक अट आहे. कणाने दोन्ही द्रवांशी थोडेबहुत नाते राखले पाहिजे. कण, तेल व पाणी जेथे मिळतात तेथील कोनास स्पर्शकोन म्हणतात. तो ९० अंश असता पकड सर्वांत घट्ट. तो ३० अंशांवर उतरला, म्हणजे कण पाण्याकडे फार झुकला, तर पकड पन्नास-साठ पटींनी ढिली होते. जो सर्वस्वी पाण्याचा झाला तो पाण्यात बुडतो, जो सर्वस्वी तेलाचा झाला तो तेलात. सीमेवर दोघेही उपयोगी नाहीत.

सन २००० च्या सुमारास ह्या अडगळीतील वस्तूवरची धूळ झटकली गेली. इंग्लंडातील हल विद्यापीठाच्या बर्नार्ड बिंक्स ह्यांनी व इतरांनी सिलिकाचे कण हव्या त्या स्पर्शकोनाचे बनवून पिकरिंगांचे शास्त्र नव्याने उभे केले. आता स्टार्चचे, चिकणमातीचे, वनस्पतींच्या तंतूंचे कण वापरून खाद्यपदार्थ, मलमे व औषधे करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. त्यामागे नुसते कुतूहल नाही. साबणाच्या कुळातील कित्येक द्रव्ये त्वचेस झोंबतात आणि पाण्यात फेस करतात. आळंदीस इंद्रायणीच्या पात्रावर जे पांढऱ्या फेसाचे थर गेली काही वर्षे वारंवार दिसतात, त्यांस बर्फाची उपमा देऊन छायाचित्रे काढणाऱ्यांचे आम्हांस वाईट वाटते. घरोघरचे सांडपाणी व कारखान्यांचे पाणी नीट शुद्ध न होता नदीत जाते, आणि त्यातील फेसाळ द्रव्ये हे त्या थरांचे एक मुख्य कारण होय. थोडी कमी द्रव्ये वापरून जेथे काम भागेल तेथे भागवावे, हा विचार आता चैनीचा राहिलेला नाही.

तथापि पिकरिंगांच्या कणांस देव्हाऱ्यात बसवू नये. मोरचुदातील तांबे वर्षानुवर्षे बागेच्या मातीत साठत जाते, ते काही अमृत नव्हे. शिवाय जे कवच आपणांस हवे तेव्हा गुणाचे, तेच नको तेव्हा अवगुणाचे. समुद्रतळातून निघणाऱ्या खनिज तेलाबरोबर खारे पाणी येते. तेलातील मेणाचे व डांबरी द्रव्यांचे कण आणि मातीचा चुरा ह्या पाण्याच्या थेंबांभोवती कवच करून बसतात, आणि ते पाणी वेगळे करण्यास उष्णता, वीज व निरनिराळी रसायने खर्ची घालावी लागतात. तेथील अभियंत्यास पिकरिंगांचे नाव घेतल्यावर आनंद होईलच असे नाही.

आता शेवटी आमच्या स्वतःच्या एका ऋणाची कबुली. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका चाचणी परीक्षेत पायसाची उदाहरणे विचारली असता एका विद्यार्थिनीने दूध व लोणी ह्यांच्या जोडीस 'फेसलेली मोहरी' असे लिहिले होते. आम्ही त्यावर तांबडी रेघ ओढली, कारण त्यात साबण कोठे आहे? आमच्या मातोश्री लोणच्यासाठी मोहरीची डाळ पाटावर वाटून थोडे पाणी व थोडे तेल घालीत आणि ती हाताने फेसू लागत. नाकात झणका जाऊन डोळ्यांस पाणी आले म्हणजे मोहरी फेसली असे त्या समजत. आणि तेवढ्यात वाटीतले तेल व पाणी मिळून दाट पांढुरकी पिवळी साय झालेली असे. झणका येतो तो मोहरीतल्या एका द्रव्यावर पाण्याच्या संगतीने विकराची क्रिया होऊन. आणि साय टिकते ती मोहरीच्या सालीतील बुळबुळीत अंशाने व वाटलेल्या दाण्याच्या बारीक कणांनी, दोहोंनी मिळून. म्हणजे तिचे उदाहरण शुद्ध पिकरिंगी नसले तरी बरोबर होते, आणि आमची रेघ चूक होती. लहानपणी त्या वाटीपाशी बसून आम्ही शेकडो वेळा नाक चोळले. प्रयोग डोळ्यांसमोर चालला होता, पण पुस्तकात नव्हता, म्हणून आम्हांस तो दिसला नाही.

बागाइतदाराच्या मुलास आम्ही त्या वर्षी शाबासकी दिली. मोहरीवाल्या विद्यार्थिनीचा पत्ता आम्हांस ठाऊक नाही. तिचा एक गुण आमच्याकडे येणे आहे. वर्गात सांगावयाचे वाक्य मात्र बदलले आहे. आता ते पूर्वीइतके सुटसुटीत नाही, आणि उत्तरपत्रिकांतून ते निरनिराळ्या रूपांनी परत येते, त्यामुळे तपासण्यास वेळ लागतो. मुलाने नारायणगावाहून आणलेली बाटली अजून आमच्या मेजावर आहे. खाली बोटभर निळसर पाणी, वर साय. तीन वर्षांत तेल सुटलेले नाही.